खेळ सोडून दिलेल्या मुलांच्या आईबाबांसाठी

पालकहो,

सहावी-सातवीत दिवेलागण झाली तरी मैदानावरून न हलणारा मुलगा नववीत एक दिवस म्हणतो, "मला नाही जायचं." बूट पलंगाखाली सरकवले जातात. का म्हणून विचारलं तर खांदे उडवतो. फार खोदलं तर अंगावर येतो, "काय मिळतं त्यातून?" तुम्हाला आधी थोडं बरंच वाटतं. दहावी तोंडावर आली आहे, क्लास सुरू झालेत, तेवढाच वेळ अभ्यासाला मिळेल. पण तो वेळ अभ्यासाकडे जात नाही. मोबाइलमध्ये जातो, दुपारच्या झोपेत जातो. कुणी त्याच्या जुन्या खेळाचं नाव काढलं, की तो त्या खेळाची टिंगल करतो. मुलींच्या बाबतीत हे आणखी लवकर घडतं आणि आणखी गुपचूप. कुणाच्या लक्षातही येत नाही, की ही पोर परवापर्यंत खो-खोच्या सरावाला पहाटे उठून जात होती.

या मुलांविषयी तुमच्याशी मनातलं बोलायचं आहे. त्यासाठी मी आधार घेणार आहे एका जपानी ॲनिमेचा. तुमच्या मुलांनी तो कदाचित पाहिलाही असेल. त्याचं नाव 'स्लॅम डंक'.

ॲनिमे म्हणजे लहान मुलांचं कार्टून, असं आपल्यातल्या पुष्कळांना वाटतं. मूल त्यात रमलं की आपण "बंद कर ते" म्हणून मोकळे होतो. पण त्यात मूल नेमकं काय बघतंय, हे एकदा शेजारी बसून पाहावं. ताकेहिको इनोऊए या चित्रकथाकाराने 1990 ते 1996 या काळात 'स्लॅम डंक' ही चित्रकथा एका साप्ताहिकात लिहिली आणि चितारली. तिचे 31 खंड झाले. त्यावर 1993 पासून 101 भागांची दूरचित्रवाणी मालिका निघाली. पुढे 2022 च्या डिसेंबरमध्ये इनोऊए यांनी स्वतः लिहून आणि दिग्दर्शित करून 'द फर्स्ट स्लॅम डंक' हा चित्रपट आणला. 2023 साली तो आपल्याकडच्या चित्रपटगृहांतही लागला. इतक्या वर्षांनी तीच पात्रं पुन्हा पडद्यावर आली, तेव्हा शाळकरी वयात ती कथा वाचलेली माणसं आपल्या मुलांना घेऊन ती पाहायला गेली.

कथा आहे कानागावा प्रांतातल्या शोहोकू नावाच्या हायस्कूलची. बास्केटबॉलमध्ये या शाळेला कुणी मोजत नाही. कर्णधार आकागी दोन वर्षं राष्ट्रीय स्पर्धेची स्वप्नं पाहतोय आणि सोबतचे खेळाडू एकेक करून गळून जातायत. अशात साकुरागी नावाचा लाल केसांचा, भांडखोर, धिप्पाड मुलगा संघात येतो. तोही एका मुलीवर छाप पाडायला. त्याला चेंडू धड टप्पेही देता येत नाहीत. अशा पाच जणांच्या संघाचा प्रवास म्हणजे ही गोष्ट. त्यात दुबळ्याने बलाढ्याला हरवण्याचा थरार आहेच. मला मात्र तुमच्यापुढे ठेवायचा आहे तो या संघातला एक मुलगा, हिसाशी मित्सुई.

माध्यमिक शाळेत असताना मित्सुई प्रांतीय स्पर्धेतला सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरलेला होता. त्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात शेवटचे काही सेकंद उरलेले असताना त्याचा संघ मागे होता आणि त्याने मनातून हार मानली होती. चेंडूमागे धावत तो पाहुण्यांच्या टेबलाजवळ जाऊन कोसळला. तिथे बसलेल्या एका स्थूल, पांढऱ्या केसांच्या गृहस्थांनी चेंडू उचलून त्याच्या हातात दिला आणि शेवटपर्यंत आशा सोडू नकोस, एवढंच सांगितलं. तो सामना मित्सुईने जिंकून दिला. ते गृहस्थ म्हणजे शोहोकूचे प्रशिक्षक अनझाई सर. मोठमोठ्या शाळा बोलावत असताना मित्सुई या नाव नसलेल्या शाळेत आला तो केवळ त्यांच्यासाठी.

आणि पहिल्याच वर्षी सरावात त्याचा गुडघा दुखावला. रुग्णालयात पडल्यापडल्या त्याला एकच घोर लागला, की आपण मागे पडतोय. गुडघा पुरता बरा होण्याआधीच तो मैदानात उतरला आणि पुन्हा तोच गुडघा गेला. काठी टेकत तो सामना बघायला आला, तेव्हा संघातलाच त्याचा प्रतिस्पर्धी आकागी खेळत होता आणि सगळे त्याचं कौतुक करत होते. मित्सुई तिथून निघून गेला तो गेलाच. केस वाढवले, मवाली पोरांच्या टोळीत शिरला, मारामाऱ्या करू लागला. अशी जवळजवळ दोन वर्षं गेली.

आता तो प्रसंग, ज्यासाठी मी तुम्हाला ही मालिका बघायला सांगते आहे. मित्सुई आपली टोळी घेऊन शाळेच्या बास्केटबॉल कोर्टवर येतो. संघच उद्ध्वस्त करायचा, या इराद्याने. जपानमध्ये शाळेच्या बंदिस्त कोर्टवर बाहेरच्या चपला-बुटांनी कुणी पाऊल ठेवत नाही. हे मात्र रस्त्यावरचे बूट घालून त्या लाकडी जमिनीवर चालत येतात. ही जागा आमच्यासाठी मोलाची आहे, कृपा करून जा, अशी मियागी नावाचा खेळाडू त्यांना विनवणी करतो. रागीट म्हणून प्रसिद्ध असलेला तो मुलगा मार खातो, पण हात उचलत नाही. कारण मारामारी उघडकीला आली तर संघावर बंदी येईल. बराच वेळ रक्त सांडतं. मग चष्मा लावणारा, शांत स्वभावाचा कोगुरे पुढे होतो आणि सगळ्यांना सांगून टाकतो, की मित्सुई आमच्याच संघातला होता. पहिल्या वर्षी देशात पहिला नंबर आणायचा म्हणत होता तो हाच. मित्सुई ओरडतो, त्याला मारतो, बास्केटबॉल म्हणजे बालिशपणा होता, एक जुनी आठवण, बाकी काही नाही, असं म्हणतो. त्याच वेळी बाहेरून दार वाजतं. अनझाई सर आत येतात. त्यांना पाहताच मित्सुई गुडघ्यांवर कोसळतो आणि ढसाढसा रडत म्हणतो, की त्याला बास्केटबॉल खेळायचं आहे.

पालकहो, हा प्रसंग मुलांसोबत बघा आणि बघताना त्यांच्याकडे हळूच लक्ष ठेवा. ज्या मुलाने काहीतरी सोडलेलं असतं, तो या ठिकाणी गप्प होतो.

यातून मला तुम्हाला जे सांगायचं आहे ते एवढंच, की टिंगल करणाऱ्या, चिडणाऱ्या मुलाच्या मनातली ओढ मेलेली असेलच असं धरून चालू नका. ज्याला एखाद्या गोष्टीचं काहीच वाटत नाही, तो तिच्यावर इतका रागावत नाही. गाण्याचा क्लास सोडलेली मुलगी गाण्याचा कार्यक्रम लागला की तरातरा खोलीत निघून जाते, त्यामागे बहुधा दुखावलेपण असतं. परत यायची इच्छा असते आणि परत कसं यायचं हे माहीत नसतं. मध्ये लाज उभी असते. बरोबरीचे पुढे गेलेले असतात. आपण काय काय बोलून बसलोय, हेही आठवत असतं. त्या अवस्थेत मुलाला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते ठाऊक आहे? हिशेब मागितला जाण्याची.

म्हणून त्या दिवशी कोर्टवर मोठ्या माणसांनी आणि मित्रांनी काय केलं, ते बघण्यासारखं आहे. अनझाई सरांनी मित्सुईला एकही प्रश्न विचारला नाही. दोन वर्षं कुठे होतास, माझ्या विश्वासाचं काय केलंस, यातलं काही नाही. शिक्षक धावत आले, तेव्हा साकुरागीचा मित्र योहेई मितो आणि मित्सुईचे टोळीतले साथीदार यांनी भांडणाचा सगळा दोष स्वतःवर घेतला आणि संघ वाचवला. त्यानंतर मित्सुई केस बारीक कापून सरावाला हजर झाला. ज्या मियागीला त्याने मारलं होतं, तो त्याच्या शेजारी धावू लागला. पुढे त्याचे तेच टोळीवाले मित्र प्रत्येक सामन्याला त्याच्या नावाचा मोठा झेंडा घेऊन येऊ लागले. आपण ज्यांना वाईट संगत म्हणून एका फटक्यात मोडीत काढतो, त्या पोरांच्या हातातला तो झेंडा मला फार महत्त्वाचा वाटतो. मुलाच्या मित्रांना घरी बोलवा, त्यांना ओळखा, एवढं तरी तो शिकवतो.

पण परत येणं इतकं सोपं नसतं, हेही ही कथा प्रामाणिकपणे सांगते. मित्सुईचा हात तयार होता, लांबून टोपलीत चेंडू टाकण्याची त्याची सफाई गेली नव्हती. दम मात्र गेला होता. प्रत्येक मोठ्या सामन्यात तो आधी थकतो. एका महत्त्वाच्या सामन्यात तर तो मैदानावरच कोसळतो, त्याला बाहेर न्यावं लागतं. बाहेर बसून तो वाया गेलेल्या वर्षांबद्दल स्वतःला दोष देत राहतो. कथाकाराने त्याला जादूने पूर्वीचा मित्सुई करून टाकलेलं नाही. त्या थकलेल्या अंगासकट तो खेळतो. राष्ट्रीय स्पर्धेत सान्नो या अजिंक्य समजल्या जाणाऱ्या शाळेविरुद्ध त्याला हात वर उचलणंही जड जातं, आणि तरी चेंडू हातात आला की तो फेकतो.

आपलं मूल परत मैदानाकडे, पेटीकडे किंवा चित्रकलेच्या वहीकडे वळलं, की आपली पहिली अपेक्षा असते, की त्याने सोडलं होतं तिथून पुढे सुरू करावं. तसं होत नाही. आधीचे दोन-तीन महिने ते पूर्वीपेक्षा वाईट खेळेल. त्याच्या हाताखालची पोरं त्याला हरवतील. नेमक्या याच काळात "बघ, तेव्हा सोडलं नसतंस तर आज कुठल्या कुठे असतास" हे वाक्य आपल्या तोंडून निघतं, आणि सगळं पुन्हा संपतं. ते वाक्य गिळा. मुलाला ते आधीच पाठ आहे.

दुखापतीबद्दलही एक सांगते. मित्सुईचं खरं नुकसान पहिल्या दुखापतीने झालं नाही, घाईने परतण्याने झालं. वाढत्या वयातल्या मुलांचे गुडघे, घोटे, खांदे दुखावले, तर डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट यांनी स्पष्ट हो म्हणेपर्यंत त्यांना स्पर्धेत उतरवू नका. जिल्हास्तरीय स्पर्धा पुढच्या आठवड्यात आहे, निवड हुकेल, क्रीडा सवलतीचे गुण जातील, अशी कारणं घरातूनच पुढे येतात. निवड पुढच्या वर्षीही असते. आणि विश्रांतीच्या त्या काळात मुलाला संघापासून तोडू नका. बाकावर बसून धावसंख्या लिहू दे, पाण्याच्या बाटल्या भरू दे, पण तिथे जाऊ दे. मित्सुई हरवला तो रुग्णालयातल्या त्या एकटेपणात.

आता तुमच्या मनात येईल, की ही सगळी खेळाडूंची आणि प्रशिक्षकांची गोष्ट झाली, यात आईबाप कुठे आहेत? मूळ कथेत ते फारसे नाहीत, हे खरं. पण चित्रपटात इनोऊए यांनी एका आईला मध्यभागी आणलं, आणि मला वाटतं प्रत्येक पालकाने तो त्या आईसाठी बघावा.

हा चित्रपट र्योता मियागीचा आहे. मैदानात उतरणाऱ्या मुख्य पाच जणांतला सगळ्यात बुटका खेळाडू, उंची 168 सेंटिमीटर. मूळचा ओकिनावा बेटांवरचा. वडील लवकर गेले. थोरला भाऊ सोता हा त्याचा बास्केटबॉलमधला गुरू आणि घराचा आधार. दोघा भावांचा वाढदिवस एकाच दिवशी. एक दिवस सोता मित्रांबरोबर मासे पकडायला समुद्रात जातो. र्योताला त्याच्याशी खेळायचं असतं, तो रुसून काहीबाही बोलतो, आणि सोता परत येत नाही. त्यानंतर र्योता खेळायला उतरला, की बघणारे त्याची तुलना थोरल्याशी करतात. घरात आई काओरू दुःखाने मिटून गेलेली. आईच्या आणि मुलाच्या मध्ये कायम तो गेलेला मुलगा उभा. दोघंही एकमेकांवर प्रेम करतात आणि दोघांनाही ते बोलता येत नाही.

सान्नोविरुद्धच्या सामन्याच्या आधी र्योता आईला पत्र लिहायला बसतो. पहिल्यांदा जे लिहितो त्याचा आशय असा असतो, की भावाऐवजी मी जिवंत राहिलो याबद्दल क्षमा कर. तो कागद तो फेकून देतो. मग पुन्हा लिहितो, आणि या वेळी आईने खेळू दिलं म्हणून तिचे आभार मानतो. काओरूने काही मोठं केलेलं नसतं. तिला त्या खेळाकडे बघवत नव्हतं, तरी तिने मुलाला तो खेळू दिला होता. आणि त्या सामन्याला ती कुणाला न सांगता येऊन प्रेक्षकांत उभी राहते. सामना संपल्यावर, घरी परतल्यावर, समुद्रकिनारी आई आणि मुलगा भेटतात. सान्नोचा संघ कसा होता, असं ती विचारते. मैदानावर कायम बेफिकीर दिसणारा तो मुलगा आईपाशी कबूल करतो, की त्याला भीती वाटली होती.

तुमच्या मुलाने शेवटचं कधी तुम्हाला सांगितलं, की मला भीती वाटली? खेळ सोडणाऱ्या पुष्कळ मुलांचं खरं कारण एवढंच असतं. हरण्याची भीती, बाकावर बसवलं जाण्याची, सगळ्यांसमोर चुकण्याची. ते म्हणतात 'कंटाळा आला', कारण कंटाळा आला म्हणणं सोपं असतं. घरात भीतीला जागा असेल तर खरं कारण बाहेर येतं. ती जागा करण्यासाठी आधी तुम्ही तुमच्या भीतीबद्दल बोला. ऑफिसात साहेबांसमोर बोलताना आजही छातीत कसं धडधडतं, हे बाबांनी जेवताना एकदा सांगितलं, तर दहा उपदेशांपेक्षा त्याचा जास्त उपयोग होईल.

शिस्तीबद्दलही बोलायला हवं. मुलाच्या कलाने घेतलं तर तो बिघडेल, असं अनेक पालकांना वाटतं. अनझाई सरांचा भूतकाळ यासाठी वाचण्याजोगा आहे. आज मवाळ दिसणारे हे सर एके काळी विद्यापीठ संघाचे अतिशय कडक प्रशिक्षक होते. यझावा नावाचा एक विलक्षण गुणी खेळाडू त्यांच्या हाताखाली होता. त्याच्या पायाभूत सरावासाठी ते त्याच्यावर सतत तुटून पडत. ते जे सांगत होते ते चूक नव्हतं. पण का सांगतोय, हे त्यांनी त्याला कधी सांगितलं नाही. तो वैतागून अमेरिकेला निघून गेला, तिथे पाया कच्चा असल्यामुळे भरकटला आणि तरुण वयातच अपघातात गेला. त्यानंतर सर बदलले.

ते बदलले म्हणजे ढिले पडले असं नाही. साकुरागीला त्यांनी एका आठवड्यात वीस हजार वेळा चेंडू टोपलीत टाकायचा सराव करायला लावला. पण त्याआधी त्याचं खेळणं कॅमेऱ्यात टिपून त्याला दाखवलं. स्वतःला मोठा खेळाडू समजणारा साकुरागी आपली ती बेंगरूळ ढब बघून हादरला. मग रोज थोडं थोडं सुधारलेलं तेच चित्र बघून त्याला चटक लागली. मित्र चेंडू उचलून द्यायला दिवसभर थांबले. कष्ट तितकेच होते, फक्त आता ते त्याचे स्वतःचे होते. चिकाटी मुलात कुठून येते, असं पालक नेहमी विचारतात. आपण सुधारतोय हे मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं पाहिजे आणि सोबत कुणीतरी थांबलेलं असलं पाहिजे, असं मी त्यांना सांगते. 'जिद्द ठेव' असं नुसतं म्हणून ती येत नाही.

ज्यांचं मूल संघातला तारा नाही, त्यांनी चष्मेवाल्या कोगुरेकडे बघावं. तो तिसऱ्या वर्षाला आहे, बहुतेक वेळ बाकावर असतो. प्रांतातल्या शेवटच्या निर्णायक सामन्यात प्रतिस्पर्धी प्रशिक्षक त्याला मोजतच नाहीत. त्याच्यावर कुणी खेळाडू ठेवू नका, असं ठरवतात. मोकळा सोडलेला कोगुरे लांबून चेंडू टाकतो आणि त्याचे तीन गुण संघाला राष्ट्रीय स्पर्धेत नेतात. तीन वर्षं तोही रोज सरावाला येत होता, हे त्या प्रशिक्षकांना मागाहून उमजतं. माझं सांगणं मात्र त्या तीन गुणांच्या अलीकडचं आहे. तो चेंडू टोपलीत गेला नसता तरीही कोगुरेची तीन वर्षं वाया गेली नसती. हे तुम्हाला मनापासून पटलं असेल तरच मुलाला सांगा. न पटता सांगितलं तर त्याला ते लगेच कळतं.

या कथेचा शेवटही लक्षात ठेवण्यासारखा आहे. शोहोकू सान्नोला 79-78 असं, एका गुणाने हरवते. आणि लगेच पुढच्याच सामन्यात हरून स्पर्धेबाहेर जाते. करंडक मिळत नाही. एवढी वर्षं वाचकांना धरून ठेवलेली कथा करंडकाशिवाय संपते, आणि तरी मला ती अपुरी वाटत नाही.

याच वळणाची आणखी एक मालिका आहे, 'अहिरु नो सोरा'. ताकेशी हिनाता यांच्या चित्रकथेवरून 2019-20 मध्ये तिचे 50 भाग निघाले. तिचा नायक सोरा अवघा 149 सेंटिमीटर उंचीचा. आजारी आईला त्याने मोठ्या स्पर्धेत खेळण्याचा शब्द दिलाय. आई स्वतः बास्केटबॉल खेळाडू. तो नव्या शाळेत जातो, तर तिथला बास्केटबॉल क्लब म्हणजे उडाणटप्पू पोरांचा अड्डा. हानाझोनो आडनावाच्या जुळ्या भावांना एके काळी हा खेळ आवडायचा आणि आता ते चेंडूला हातही लावत नाहीत. सोरा त्यांना उपदेश करत नाही. तो एकटाच येऊन सराव करत राहतो, आणि त्याच्या चेंडूचा आवाज ऐकून ऐकून ही मुलं पुन्हा कोर्टवर येतात. पुढे ती हरतात, त्यांचा क्लब बंद पडतो, सोराची आई जाते. ही मालिका हळू चालते आणि दुःख लपवत नाही. मोठ्या मुलांसोबत जरूर बघा. दोन्ही मालिकांत मारामारी आहे, सिगारेट आहे, वयात आलेल्या पोरांची भाषा आहे. लहान मुलांना एकट्याने बघू देऊ नका. जिथे खटकेल तिथे थांबून बोला.

आता थोडं रोजच्या व्यवहाराचं.

मूल खेळ सोडायचं म्हणालं, तर आधी ऐकून घ्या. सोडणं नेहमीच वाईट नसतं. खेळ आपण निवडला होता आणि त्याला तो कधीच आवडला नव्हता, असंही असू शकतं. तसं असेल तर मोकळ्या मनाने सोडू द्या. शिकवणारी व्यक्ती मारते, अपमान करते किंवा नको तसं वागते, असं कळलं, तर एक दिवसही थांबू नका. मुलाच्या बाजूने उभे राहा.

आवड होती आणि गेली, असं दिसत असेल, तर परतीची वाट मोकळी ठेवा. बूट, रॅकेट, घुंगरू लगेच कुणाला देऊन टाकू नका. फीचे पैसे वाया गेले, हा विषय काढू नका. पाहुण्यांसमोर "आमचा आधी खेळायचा हो" असं म्हणू नका. रविवारी सकाळी जवळच्या शाळेच्या मैदानावर सामना असेल, तर सहज म्हणून सोबत जा. तो खेळणार नाही, नुसता बघेल. तेवढंही पुरे. परत जायचं ठरवलं, तर पूर्वीच्याच संघात, पूर्वीच्याच पातळीवर जायला हवं असं नाही. आठवड्यातून दोन दिवस, सोसायटीतल्या पोरांबरोबर, नुसत्या मजेसाठी, अशी सुरुवातही खरी सुरुवात असते.

दहावी-बारावीच्या वर्षी सराव पूर्ण बंद करण्याआधी दहादा विचार करा. वेळ कमी करा, पण तोडू नका. रोजचा अर्धा-पाऊण तास अंग घामाने भिजलं, तर मूल अभ्यासाला ताजं बसतं. वर्षभर तोडलेला धागा पुढच्या जूनमध्ये आपोआप जुळत नाही.

आणि आवड गेली म्हणजे फक्त खेळाचीच गेली का, हे बघा. मित्र नकोसे झालेत, जेवण कमी झालंय, रात्र रात्र झोप नाही, जगण्यात अर्थ नाही असं काही बोलणं कानावर येतंय, तर ते वयाचं आहे म्हणून सोडून देऊ नका. समुपदेशकांकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. गुडघा दुखला की डॉक्टरांकडे जातो, तितक्याच सहजपणे.

पालकहो, तुमच्या घरातल्या मित्सुईने अजून दार वाजवलेलं नसेल. कदाचित तो उद्या तुमच्याशी भांडूनच येईल, जुन्या बुटांवरून, क्लासच्या वेळेवरून, कशावरूनही. तेव्हा भांडणातलं शेवटचं वाक्य तुमचं असायला हवं, असा हट्ट धरू नका. "तुला पुन्हा खेळावंसं वाटलं तर सांग, मी येते तुझ्याबरोबर," एवढं एकदा म्हणून ठेवा. मग खरंच जा. पहिल्या दिवशी तो वाईट खेळेल. बघत राहा, आणि घरी येताना चुका मोजू नका. दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचं का, हे त्याला ठरवू द्या. मुलं परत येतात. त्यांना फक्त इतकी खात्री हवी असते, की आल्यावर कुणी जुना हिशेब काढणार नाही. ती खात्री देणं आपल्या हातात आहे, आणि ते आजपासून करता येतं.